झाकली मूठ

वाचकहो, आमच्या मराठी भाषेत म्हणींचा तोटा नाही आणि त्यांतील बहुतेक शहाणपणाच्या आहेत याविषयी आम्हांस शंकाही नाही. परंतु एखादी म्हण सोयीच्या वेळी नेमकी ओठांवर येते आणि मनुष्यास विचार करण्याच्या श्रमांतून मोकळे करते. "झाकली मूठ सव्वा लाखाची" ही अशांपैकी एक होय. तिच्या नादी लागून आमच्या हातून एकदा मोठी चूक घडली. पुढे पुष्कळ वर्षांनी तीच म्हण दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्याचा प्रसंग आला, तेव्हा त्या जुन्या चुकीचे स्मरणच आम्हांस उपयोगी पडले. त्या दोन प्रसंगांची ही हकीकत आहे. ज्यांच्याविषयी लिहीत आहोत त्यांच्या अनुमतीने लिहीत आहोत. नावे, गावे आणि ओळख पटेल असा तपशील गाळला आहे. कायदा तसे सांगतो, आणि कायदा नसता तरी सौजन्याने तेच सांगितले असते.

तीन वर्षांपूर्वीची आषाढातील संध्याकाळ. सीमाभागातला पाऊस कसा असतो ते बेळगाव-खानापूरकडील वाचकांस सांगावयास नको. सायंप्रार्थनेची घंटा होऊन गेली होती, वीज नेहमीप्रमाणे गेलेली होती, आणि आम्ही मेणबत्तीच्या उजेडात बाप्तिस्म्याच्या नोंदवहीतील एक जुना उतारा शोधीत बसलो होतो. इतक्यात ओसरीवर कोणी खाकरले. दर रविवारी पुढच्या बाकावर बसणारे आमच्या धर्मग्रामातील एक शेतकरी गृहस्थ गळती छत्री हातात घेऊन उभे होते. मागे पायरीवर त्यांची पत्नी होती. ती वर आली नाही. पदर तोंडाशी धरून तशीच पावसात उभी राहिली.

"फादर," ते म्हणाले, "थोरल्या पोरीला पाचवा महिना लागलाय. गावात अजून कुणाला ठाऊक नाही. झाकली मूठ आहे तोवर तुम्ही काहीतरी करा."

मुलगी सतरा वर्षांची, पी.यू.सी.च्या पहिल्या वर्षात शिकणारी. मुलगा एकोणीस वर्षांचा, शेजारच्याच वाडीवरचा, बेळगावात उद्यमबागेतील एका फौंड्रीत कामाला जाणारा. त्याने काही नाकारले नव्हते, तो पळूनही गेला नव्हता. घाबरून मात्र गेला होता. बापाने दोन मार्ग मनाशी योजून ठेवले होते. एक तर सरहद्द ओलांडून चंदगडकडील नातेवाइकांच्या घरी दोघांचे लग्न गुपचूप लावून टाकावे. नाही तर धर्मभगिनींच्या एखाद्या दूरच्या आश्रमात मुलीला बाळंत होईपर्यंत ठेवावे.

"आणि बाळ?" आम्ही विचारले.

"त्याचं काय ते तुम्हीच बघा."

हे शब्द आम्ही पूर्वी एकदा ऐकले होते, आणि त्या वेळी ते ऐकून आम्हांस बरेही वाटले होते! सुमारे पंधरा वर्षांपूर्वी आम्ही दुसऱ्या एका धर्मग्रामात सहायक म्हणून नुकतेच रुजू झालो होतो. सेमिनरीतून बाहेर पडलेल्या तरुण धर्मगुरूस आपणांस सर्व काही समजते असे वाटत असते. तेथे अशीच एक सोळा वर्षांची मुलगी होती. तिच्या आईवडिलांस आम्ही मोठ्या गंभीरपणे सल्ला दिला की, पोरीला शाळेतून काढून दूरच्या शहरी मावशीकडे पाठवावे आणि वाच्यता करू नये. त्याप्रमाणे झाले. मूल जन्मले आणि कोणा निपुत्रिक जोडप्याकडे गेले. कागद नाही, नोंद नाही, सही नाही. आम्ही काही विचारले नाही, आणि न विचारण्यालाच त्या वेळी प्रगल्भता समजलो. मुलगी वर्षभराने परत आली ती हडकलेली, मान खाली घातलेली. ती पुन्हा शाळेत गेली नाही. घरच्यांनी आमचे आभार मानले.

सात वर्षांनी ती स्वतःहून आमच्याकडे आली. तोवर तिचे लग्न झाले होते. तिने चहा घेतला नाही; बसलीही नाही. तिने एकच प्रश्न विचारला: "फादर, माझं बाळ कुठं आहे?"

आमच्यापाशी उत्तर नव्हते. मावशी वारली होती आणि ते जोडपे गाव सोडून गेले होते. आम्ही बरीच विचारपूस केली, पण ज्याची कोठे नोंदच नाही त्याचा माग कसा लागावा? बालकास दत्तक देण्याचा कायदेशीर मार्ग त्या वेळीही होता. आजच्या २०१५ च्या बालन्याय कायद्याप्रमाणे आईवडील बालकल्याण समितीपुढे येतात, समिती त्यांच्याशी बोलते, चौकशी करते, समर्पणपत्र लिहून घेते. त्यानंतरही फेरविचारासाठी दोन महिन्यांची मुदत असते. ही मुदत कायद्याने उगीच ठेवलेली नाही. बाळंतपणाच्या वेदनांत आणि लाजेच्या ओझ्याखाली मनुष्य जे कबूल करतो, ते दोन महिन्यांनी कबूल असेलच असे नाही. त्या मुलीस दोन महिने सोडाच, दोन मिनिटेही कोणी दिली नव्हती. आमची मूठ झाकलेली राहिली, पण त्या मुठीत एका आईचे मूल हरवले.

म्हणून आषाढातील त्या रात्री आम्ही त्या गृहस्थांस लगेच सल्ला दिला नाही. "मुलीशी कोणी बोलले आहे काय?" असे विचारले. ते गप्प राहिले. मारहाण झाली होती, रडारड झाली होती, शेजारी ऐकतील म्हणून रेडिओ मोठा करून ठेवला होता. परंतु मुलीशी कोणी बोलले नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांच्या घरी गेलो. मुलगी आपल्या आजीच्या खाटेजवळ भिंतीला टेकून बसली होती. तिला काय विचारावयाचे आहे असे आम्ही म्हटले तेव्हा आम्हांस वाटले, पापाविषयी विचारील, क्षमेविषयी विचारील. तिने विचारले, "फादर, मला कॉलेजातून काढतील का?" थोड्या वेळाने म्हणाली, "मला चौथ्या महिन्यापर्यंत कळलंच नव्हतं." आम्ही त्या मुलीस दहा वर्षे धर्मशिक्षण दिले होते. दहा आज्ञा तिला पाठ होत्या. पण तिच्या स्वतःच्या शरीरात काय घडते, हे शाळेने, घराने वा आम्ही कोणीच तिला एका अक्षराने सांगितले नव्हते. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ पासून चालू आहे. आमच्या कर्नाटकात त्याच्या किशोरवयीनांसाठीच्या दवाखान्यांस स्नेहा क्लिनिक म्हणतात. तालुक्याच्या ठिकाणी जाणाऱ्या या मुलीस त्याचे नावही ठाऊक नव्हते, आणि खरे सांगावयाचे तर तोवर आम्हांसही नव्हते.

आता बापाच्या दोन मार्गांकडे वळू. लग्नाचा मार्ग पुष्कळांस धर्माचा वाटतो. वस्तुतः तो धर्माचाही नाही आणि कायद्याचाही नाही. कर्नाटकाने २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यात आपल्या राज्यापुरती दुरुस्ती केली आहे, आणि तीप्रमाणे असा विवाह मुळातच रद्द ठरतो. सरहद्द ओलांडली म्हणून मुलीचे वय वाढत नाही. तिकडेही अठरा वर्षांखालील मुलीचे लग्न लावणाऱ्यास शिक्षा आहेच. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१७ मध्ये स्पष्ट केले आहे की, अठरा वर्षांखालील पत्नीशी ठेवलेला संबंधही गुन्हाच होय. म्हणजे मंगळसूत्राने मुलाचीही सुटका होत नाही. ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या नियमसंहितेनेही, त्या प्रदेशात रूढ असलेल्या वयापूर्वी विवाह करण्यापासून तरुणांस परावृत्त करावे, असे आम्हां धर्मगुरूंस बजावले आहे. जे लग्न भीतीने लावले जाते ते पांघरूण असते. आणि पांघरुणाखाली दोन मुले एका तिसऱ्या मुलास घेऊन किती दिवस राहणार?

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. अल्पवयीन माता म्हटली की आमच्या डोळ्यांपुढे "वाट चुकलेली" मुलगी उभी राहते. ते चित्र खरे नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ६.८ टक्के मुली माता झालेल्या किंवा गरोदर आढळल्या. चार-पाच वर्षांपूर्वीच्या पाहणीत हे प्रमाण ७.९ टक्के होते. यांतील बहुतेक विवाहित आहेत. त्याच पाहणीत २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २३.३ टक्के स्त्रियांचे लग्न अठरापूर्वीच झालेले होते. तेव्हा जिला आपण सूनबाई म्हणून ओवाळून घरात घेतो, तीही पुष्कळदा अल्पवयीन माताच असते. फरक इतकाच की, तिच्याविषयी कोणी कुजबुजत नाही. आणि कुजबुज नाही म्हणून काळजीही नाही. शरीर मात्र दोघींचे सारखेच कोवळे असते.

दुसरा मार्ग आश्रमाचा. त्याविषयी आम्ही त्या गृहस्थांस आयर्लंडची हकीकत सांगितली. तो देश आपल्याच धर्माचा. तेथे अविवाहित मातांसाठी आश्रम होते, त्यांतील बरेच धर्मभगिनी चालवीत. तेथील चौकशी आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये अहवाल दिला. १९२२ ते १९९८ या काळात १८ संस्थांतून सुमारे ५६ हजार माता गेल्या, आणि सुमारे ९ हजार बालके तेथे मरण पावली. शासनाने क्षमा मागितली, धर्माधिकाऱ्यांनीही मागितली. त्या सर्वच धर्मभगिनी काही दुष्ट नव्हत्या. परंतु मुलीस तिच्या घराने लोटले, बापाने लोटले, धर्मगुरूने लोटले, आणि ज्यांच्याकडे लोटले त्यांस वाटले की, लपविणे हीच सेवा. ज्या मुलीस खरोखरच घर उरलेले नाही तिला आश्रय पाहिजे, आणि तो देणाऱ्यांचे उपकारच मानले पाहिजेत. पण जिला घर आहे तिला घर पाहिजे.

बाप मान खाली घालून ऐकत होता. खाटेवरची आजी मात्र उठून बसली. "पोरगी माझ्याच घरात बाळंत व्हायची," ती म्हणाली. "गाव काय खायला घालतंय काय आपल्याला? नाही न्हवं? मग गावाला का भ्यायचं?" वाचकहो, त्या घरातील पहिली साहाय्यसेवा त्या क्षणी सुरू झाली. तिला कोणत्याही खात्याची मंजुरी लागली नाही.

यानंतरचे काम सर्वांत कठीण होते. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालकच. तिची संमती असली तरी ती कायदा मानीत नाही. आणि ज्या कोणास अशी गोष्ट कळेल त्याने ती पोलिसांस कळविली पाहिजे; न कळविणे हाही गुन्हाच. पापनिवेदनाचे गुप्तत्व आम्ही प्राण गेला तरी मोडणार नाही. परंतु ही गोष्ट आम्हांस पापनिवेदनात कळलेली नव्हती, ती ओसरीवर कळली होती. आम्ही तसे सांगितले तेव्हा मुलीची आई आमच्यावर संतापली. "तुमच्याकडे आलो ते चुकलंच," असे ती म्हणाली. त्या वाक्याने आम्हांस दोन रात्री झोप लागली नाही. तथापि पंधरा वर्षांपूर्वीची ती मुलगी दाराशी उभी असल्यासारखी दिसत होती.

आम्ही त्या मंडळींबरोबर गेलो. कायद्याने काही गोष्टी चांगल्या योजलेल्या आहेत, त्या सांगावयास पाहिजेत. मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा ती सांगेल त्या ठिकाणी घेता येतो, शक्यतो स्त्री अधिकाऱ्याने, आणि गणवेश न घालता. बालकल्याण समिती तिच्यासोबत राहण्यास एक साहाय्यक व्यक्ती नेमून देऊ शकते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो. हे सर्व पुस्तकात आहे. प्रत्यक्षात ते पदरात पडावयाचे तर कोणी तरी बरोबर चालावे लागते. एकट्या शेतकऱ्यास कचेरीच्या दारात "उद्या या" एवढेच ऐकू येते.

मुलास अटक झाली. चार महिने तो हिंडलग्याच्या तुरुंगात होता, मग जामीन मिळाला. खटल्याविषयी येथे लिहिणे योग्य नव्हे. एवढेच सांगतो की, आम्ही त्यास भेटावयास जात असू तेव्हा तो दर वेळी एकच विचारी, "तिचं रक्त वाढलं का?" सोळा ते अठरा वयाच्या मुलांमधील अशा प्रकरणांत न्याय कसा करावा, याचा वाद मोठमोठ्या विद्वानांतही मिटलेला नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये विधी आयोगाने आपल्या २८३ व्या अहवालात संमतीचे वय अठराच ठेवावे असे सांगितले, पण अशा प्रकरणांत शिक्षा ठरविताना न्यायाधीशांस विवेकाची मोकळीक असावी असेही सुचविले. आम्ही कायद्याचे पंडित नाही. परंतु बाप झालेल्या एकोणीस वर्षांच्या मुलासही कोणी तरी भेटावयास जाणारे पाहिजे, हे सांगावयास पांडित्य लागत नाही. अल्पवयीन मातेसाठी थोड्याफार योजना तरी आहेत. पोरवयातील बापासाठी एकही नाही. त्याच्या फौंड्रीच्या मालकाने त्याची जागा राखून ठेवली, हाच काय तो आधार.

रक्ताचा प्रश्न त्याने विचारला तो खराच होता. मुलीचे हिमोग्लोबिन आठच्या आसपास होते. अकराच्या वर पाहिजे. यात नवल नव्हते. देशातील १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुली रक्तक्षयी आहेत, असे वर सांगितलेल्या पाहणीतच आढळले आहे. या वयाच्या मातेस झटके येण्याचे व जंतुदोषाचे भय अधिक, आणि तिचे बाळ अपुऱ्या दिवसांचे वा कमी वजनाचे होण्याची शक्यताही अधिक. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी तिला सर्व समजावून सांगितले; कायद्याने जो दुसरा मार्ग मोकळा आहे तोही सांगितला. ख्रिस्तसभेची शिकवण काय ते वाचकांस ठाऊक आहे, आणि ती आम्हीही लपविली नाही. परंतु त्या दिवशी आम्हांस एक गोष्ट लख्ख दिसली. जो मनुष्य मातेस "मूल जन्मास घाल" असे सांगतो आणि पुढे त्या मुलाच्या दुधाची चौकशी करीत नाही, त्याची शिकवण पोकळ होय. मुलीने स्वतःच्या तोंडाने सांगितले, "मला बाळ पाहिजे."

आशा कार्यकर्तीने तिचे तायी कार्ड काढून दिले. दर महिन्याच्या ९ तारखेस सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची फुकट तपासणी असते, तेथे ती जाऊ लागली. लोहाच्या १८० गोळ्या आजी रोज रात्री मोजून देई. अंगणवाडीत दुपारचे गरम जेवण मिळे. २०११ पासूनच्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमामुळे बाळंतपण, औषधे, तपासण्या, रुग्णवाहिका यांस एक पैसा लागला नाही. पण पहिल्या अपत्यासाठी केंद्र सरकार जे पाच हजार रुपये देते त्यांसाठी अठरा वर्षांखालील मातेची नोंदच होत नाही. नियम करणाऱ्यांचा हेतू बालविवाहास उत्तेजन न देण्याचा असेल; परिणाम असा होतो की, जिची निकड सर्वांत मोठी तिचेच नाव यादीबाहेर. २०२३ मध्ये केंद्र सरकारने निर्भया निधीतून अशा अल्पवयीन गरोदर मुलींसाठी निराळी योजना काढली. तिची वाट बालकल्याण समितीवरून जाते. म्हणजे पुन्हा तेच, मूठ उघडल्यावाचून ती मिळत नाही.

एका दवाखान्याच्या खिडकीशी घडलेला प्रसंग आम्ही विसरणार नाही. कारकुनाने कागदावरून नजर न उचलता मोठ्याने विचारले, "नवऱ्याचं नाव?" रांगेत तीस माणसे होती. मुलीच्या तोंडातून शब्द फुटेना. तेवढ्यात आतून एक वयस्क परिचारिका आली. तिने तो कागद स्वतःकडे घेतला, मुलीस बाकावर बसविले आणि शेजारी बसून हलक्या आवाजात एकेक रकाना भरला. नवऱ्याच्या रकान्यात तिने एक साधी रेघ ओढली. त्या बाईच्या कामाची नोंद कोठल्याही अहवालात होणार नाही. पण ती मुलगी पुढच्या महिन्यात त्या दवाखान्यात पुन्हा गेली, ती त्या रेघेमुळे.

कार्तिकात मुलगा झाला. वजन दोन किलोंपेक्षा थोडे अधिक. अडीचच्या आत म्हणजे कमीच. तेथील परिचारिकांनी बाळास आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्याची रीत शिकविली. तिला कांगारू पद्धत म्हणतात, आणि पेटी नसेल तेथे आईची ऊबच पेटीचे काम करते. मुलगी थकली की आजी त्यास छातीशी धरी.

नंतर बाप्तिस्म्याचा प्रश्न आला. काही भल्या मंडळींनी सुचविले की, मधल्या वारी, दुपारी, दार लोटून घेऊन उरकावे. आम्ही नोंदवही काढली. १९१७ च्या जुन्या संहितेप्रमाणे विवाहबाह्य जन्मलेल्या मुलास धर्मगुरू होण्यास विशेष मोकळीक घ्यावी लागे. १९८३ च्या संहितेने ती अट काढून टाकली. नोंदीविषयीही तीत स्पष्ट नियम आहेत. आईचे मातृत्व लोकांस ठाऊक असेल किंवा ती स्वतः मागेल तर तिचे नाव लिहावे. बापाचे नाव मात्र कागदाने सिद्ध झाल्यावर, किंवा त्याने धर्मगुरूसमोर दोन साक्षीदारांदेखत सांगितल्यावर. असे नसेल तर बालकाची नोंद बापाच्या नावावाचून करावी. बाप्तिस्मा अडवावा असे कोठेही नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी, कार्डिनल असतानाच २०१२ मध्ये, अविवाहित मातांच्या मुलांस बाप्तिस्मा नाकारणाऱ्या धर्मगुरूंची कानउघाडणी केली होती. आणि सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१५ मध्ये ज्या अविवाहित मातेस बापाचे नाव उघड न करता मुलाचे पालकत्व मागण्याचा हक्क दिला, ती स्त्री ख्रिस्ती होती. त्याच निकालात असेही ठरले की, अशा मातेने प्रतिज्ञापत्र दिले की मुलाचा जन्मदाखला दिलाच पाहिजे. आमच्या समाजातील एका स्त्रीने पाच वर्षांच्या मुलासाठी एवढ्या वरपर्यंत लढा द्यावा, आणि आम्ही दार लोटून घ्यावे काय? बाप्तिस्मा रविवारी मोठ्या मिस्सानंतर झाला. मुलाचा बाप जामिनावर सुटून आला होता. त्याने दोन साक्षीदारांसमोर आपले नाव सांगितले, आणि आम्ही ते लिहिले.

दोन कुटुंबे उठून गेली. बाकीची बसून राहिली. असो.

शिक्षणाची गोष्ट अजून अपुरी आहे. कॉलेजात "इतर मुलींवर परिणाम होईल" असे हळूच सुचविण्यात आले, आणि मुलीनेही पाऊल मागे घेतले. मग राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून बारावीचा अर्ज भरला. तेथे पाच वर्षांत नऊ वेळा परीक्षेस बसता येते, आणि सुटलेले विषय सुटलेलेच राहतात. अंगावर पिणारे मूल असलेल्या मुलीस याहून सोयीची व्यवस्था नाही. पण अभ्यासास वेळ पाहिजे, आणि वेळ म्हणजे बाळ धरणारे दोन हात. गावात पाळणाघर नाही. आमच्या महिला मंडळातील पाच बायकांनी वार वाटून घेतले. रोज तीन तास. त्यांतील एक, वाचकहो, त्या रविवारी उठून गेलेल्या दोन कुटुंबांपैकी आहे. तीन विषय सुटले आहेत, दोन राहिले आहेत. ती आता कायद्याने सज्ञान आहे. त्या मुलाशी लग्न करावे की नाही, हे तिने अजून ठरविलेले नाही, आणि आम्ही कोणी तिला घाई करीत नाही. मुलीची आई आमच्याशी पुन्हा बोलू लागली आहे. पूर्वीइतके नाही, पण बोलते.

सर्व कुटुंबांस आमची एवढीच विनंती आहे. आपल्या घरी असा प्रसंग आला तर पहिल्या रात्री मुलीस किंवा मुलास जे बोलाल ते तोलून बोला. पुढच्या सर्व सेवा त्या रात्रीच्या शब्दांवर उभ्या राहतात. रागावण्यास पुढे पुष्कळ दिवस आहेत. बालकांसाठीचा १०९८ हा दूरध्वनी क्रमांक आम्ही चर्चच्या फलकावर लावला आहे. संकटातील स्त्रियांसाठी १८१ आहे, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी सखी केंद्र आहे. दोन्ही क्रमांक घरी लिहून ठेवा. बाळ सांभाळण्यास ज्या भगिनींस वार देता येईल त्यांनी महिला मंडळाकडे नाव द्यावे. गुरुवार अजून रिकामा आहे. आणि बरोबर चालणारे कोणी नसेल तर आमचे दार रात्रीही ठोठवा.

हे सारे लिहून झाल्यावर आम्ही ते पंधरा वर्षांपूर्वीच्या त्या मुलीस वाचावयास पाठविले. तिची अनुमती तर हवीच होती. शिवाय आम्हांस मनातून वाटत होते की, तिला थोडे समाधान होईल. तिने निरोप पाठविला: "छापा. पण माझ्या प्रश्नाचं उत्तर यात नाही."

ते नाही. आम्ही अजून शोधीत आहोत.